जवान खानावळीची तिसरी शाखा

“त्या बाईला काढ, मग जागेची किल्ली घे,” बाळासो म्हणाला.

 सांगलीच्या स्टँडसमोरची बाळासोची जागा मिळावी म्हणून मानसिंग दोन वर्षं त्याच्या मागे होता. उद्या तिथं ‘जवान खानावळी’ची तिसरी शाखा उघडायची होती. पहिली साताऱ्याला, दुसरी माधवनगरला गिरणीजवळ. माधवनगरला पाळी सुटली की लोक दारात ताटकळत उभे राहत, ते मनुबाईच्या हातच्या रश्श्यासाठी.

“काय केलं तिनं?”

“केलं काय न्हाई. मराठ्याची म्हणून चुलीफुडं बसलीया, पन न्हाई ती मराठ्याची. गावकुसाबाहेरची हाय. आमचा ज्ञानू तासगावाकडं सोयरीक बघाय गेलता, तितं समजलं.”

“मला ठावं नव्हतं.”

“ठावं असतं तर ठेवली असतीस व्हय? पन आता माझं पावणं जेवायचं न्हाईत गड्या तुझ्यात.”

साल होतं पंचाहत्तर. शिवाशीव कायद्यानं बंद होऊन जमाना झाला होता. पण कायदा काही खानावळीत जेवायला येत नाही, बाळासोचे पाहुणे येतात.

बाळासोचा मानसिंगवर राग नव्हता. त्याच्या लेखी मानसिंग सरळ माणूस होता. आई-बाप लहानपणीच गेले म्हणे, पलटणीच्या लंगरात भांडी घासता घासता स्वयंपाक शिकला, परत येऊन साताऱ्यात स्वतःच्या हातानं रांधून वाढू लागला. त्याची चूक झाली ती एवढीच, की मनुबाईला कामावर घेताना त्यानं तिचं गाव विचारलं नाही, की कूळ विचारलं नाही. बाई मिळाली मात्र नशिबानं. पहिल्याच दिवशी तिचा रस्सा जुन्या गिऱ्हाइकांना मालकानंच केल्यासारखा लागला होता.

तसा मानसिंग नोकरांशी अंतर राखूनच वागे. परवा पोरीचं बारसं झालं, तेव्हाही खानावळीतल्या कुणाला त्यानं घरी बोलावलं नाही. बायको शालूबाई म्हणाली होती, “आवं, त्या मनुबाईला तरी बोलवायचं, राबती बिचारी.” त्यानं ऐकलं नाही.

दुपारची गर्दी ओसरल्यावर तो माधवनगरला पोचला. मनुबाई सुकं खोबरं भाजत होती. त्यानं वाढप्या जोतिबाला बाहेर पाठवलं.

“मालक, उद्या सांगलीला कवा यायचं?” तिनं विचारलं.

“यायचं न्हाई.”

तिचा हात थांबला.

“कळलं व्हय कुनाला?”

“बाळासोला. आता हितंबी नगं येऊस.”

“मग तुमी काय म्हनला?”

“म्हनलं, मला ठावं नव्हतं.”

मनुबाई त्याच्याकडं बघत राहिली. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती नुसती मान हलवून म्हणाली, “बरं केलंत.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो शब्द फिरवेना. तिसरी शाखा, मग कराड, मग कोल्हापूर, असं बरंच काही त्यानं मनात मांडून ठेवलं होतं. आणि पाळण्यातली ती पोर होती. तिला उद्या कुणी नावं ठेवायला नकोत.

तिनं हात धुतले, पदरानं पुसले. खोबरं करपायला लागलं तसा तो स्वतःच चुलीपुढं बसला आणि हलवू लागला. ती मागच्या दाराशी गेली. बाहेर कुणी नाही हे तिनं बघून घेतलं आणि उंबऱ्यातच वळली.

“आय रोज इचारती, दादाची पोरगी कुनावानी दिसती म्हून. काय सांगू रं तिला, दादा?”