कुमुदताईंची कुपी

नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आधी कुमुदताईंनी पर्समधून गार डबी काढली आणि डॉक्टर खऱ्यांच्या टेबलावर ठेवली. आत त्यांच्या नावाची कुपी होती. लागू पडणारं अँटिबायोटिक आता इतकं थोडं उरलं होतं, की जन्मताच प्रत्येकाला एक कुपी मिळे, ती आयुष्यभरासाठी.

"ह्यांनी आपली कॉलेजात असताना साध्या सर्दीवर घालवली," त्या म्हणाल्या. "माझी द्या. मूळव्याधीची जखम, आणि जागा ही असली! आधीच दिलेली बरी."

"काकू, जागा अशी असली तरी तिथली जखम बहुधा औषधाशिवायच भरते. बिघडलंच तर तेव्हा देऊ."

"आणि उशीर झाला तर?"

"रोज बघणार आहे मी."

"आधी ती डबी बंद कर," शेजारी बसलेले भालचंद्रराव बायकोवर खेकसले. "गार राहायला हवी."

ऑपरेशननंतर ताप आला नाही. गरम पाण्याच्या टबात बसताना भालचंद्रराव ओरडायचे, तेवढंच. जखम भरली आणि कुपी फ्रिजमध्ये परत गेली.

ज्याची कुपी संपली, त्याच्या हाती घरात कुणी विळी देत नसे. त्या संध्याकाळी कुमुदताई भेंडी चिरायला बसल्या, तेव्हा भालचंद्ररावांनी हात पुढे केला.

"तेवढी मोठी जखम आपोआप भरली माझी. आण इकडे."

कुमुदताई त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. मग लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी विळी नवऱ्याकडे सरकवली.

"गोल चिरा," त्या म्हणाल्या. "आणि बोटं जपा."