मोडीतली रायफल

दुकानातल्या नव्या चकचकीत रायफली सोडून कार्डिफच्या डॉक्टर सुयशने सैन्याने मोडीत काढलेली एक जुनी, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल निवडली. स्वस्त, आणि चिखलात लोळवली तरी चालणारी.

"एवढा सर्जन झालास, आणि नेमबाजीच्या क्लबात मिरवायला हे भंगार?" मधुमतीबाईंनी लेकाला सुनावलं.

२००६च्या ऑक्टोबरात पोलीस ऑफिसर घरी तपासणीला आला. नियम कडक होता. रायफलीच्या कपाटाची चावी कुठे असते हे परवाना असलेल्याखेरीज घरात कुणालाही कळता कामा नये. कळलं, तर परवानाही जाणार आणि रायफलही.

"चावीची जागा फक्त मला माहीत आहे," सुयश म्हणाला. पण त्या घरात आईपासून आजवर काहीच लपलं नव्हतं.

ऑफिसरने मधुमतीबाईंकडे पाहिलं.

"सांग रे त्याला," पदर खोचत त्या म्हणाल्या, "असल्या भंगाराला मी हातसुद्धा लावत नाही!"

सुयशने ते इंग्रजीत सांगितलं आणि कपाट उघडलं.



रायफलीच्या दस्त्यावर हळदकुंकवाची बोटं उमटली होती, आणि नळीत कालच्या दसऱ्याचं झेंडूचं फूल खोचलेलं होतं.