जावेची दृष्ट

पूर्णगडच्या आनंदीबाईंनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून घेतला तो तोऱ्यातच. “घे गो मोजून, अजून चार घागरी उचलते मी!” संशोधनासाठी गावातल्या बाळंतपणं झालेल्या बायका तपासणाऱ्या डॉक्टरनं पुन्हा मोजून पाहिलं; आकडा फारच चढा होता. लघवीतूनही प्रथिनं जात होती. “किडन्या थकल्यात, काकी. गरोदरपणी पाय सुजायचे?” “खांबासारखे! डोकंही फुटायचं. पहिला मुलगा पोटातच गेला, आठव्या महिन्यात. वांझोट्या जावेनं दृष्ट लावलीन!” “दृष्ट नव्हे. बहुधा तेव्हा तुमचं बीपीच वाढलं होतं. त्यानंच बाळ गेलं.” चाळीस वर्षं आनंदीबाईंनी जावेला नातवंडांच्याही पाळण्याजवळ फिरकू दिलं नव्हतं, सुनेच्या ओटीभरणातून चारचौघींत उठवलं होतं. दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे जाऊ अंगण झाडत होती. “पोरी,” त्या कशाबशा बोलल्या, “हे कागदावर लिहून दे. माझ्या तोंडून निघायचं नाही. तिला वाचता येतं.”