रिकामी नळी

शेवग्याचा पाला रक्तवाढीला चांगला. माजी सैनिक सुईला घाबरत नाही. रिकामी काच हाताला गार लागते.

कुंडलचे माजी सैनिक नाथाजी बायकोसोबत सांगलीच्या लॅबमध्ये उपाशीपोटी बसले होते. "मला काय धाड भरलीय?" ते कुरकुरले.

"आवं, भरली न्हाई तवाच तपासायचं," अंजना म्हणाली. "रगत बघून खाणं ठरवत्यात."

लॅबमधल्या अपूर्वाने थोडं रक्त घेतलं, सुई काढली, कोपराच्या खळीत कापूस दाबला. काचेची नळी बूच लावून स्टँडमध्ये उभी केली.

नळीतलं रक्त चढतच राहिलं.

सुई तर डब्यात पडली होती. नाथाजींच्या हातावरचा कापूस कोरडा होता. रक्त बुचाला टेकलं आणि कडेने ओघळायला लागलं.

"पोरी, बास की आता," नाथाजी हसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"आवं, नीट बसा की!" अंजनाने त्यांचा हात धरला आणि दचकून सोडला. हात काचेसारखा गार होता.

अपूर्वाने बूच काढून नळी बेसिनमध्ये उपडी केली. सरळ धरेपर्यंत ती पुन्हा भरली.

त्याच सकाळी अपूर्वाने नळ्यांचं नवं पाकीट फोडलं होतं, तेव्हा ती नळी रिकामी होती आणि कोमट होती.