एकच डोळा लाल

"रडा अक्का, मनात ठेवू नका," म्हणत धाकट्या जावेनं मंदाक्काचा पदर आणखी पुढे ओढला. पदराआड तिचा उजवा डोळा लालबुंद झाला होता आणि पाणी खळत नव्हतं.

त्या डोळ्यात दान मिळालेला बुबुळाचा पडदा बसवला, तेव्हा डॉक्टरांनी नवऱ्याला बजावलं होतं, "परक्याचा पडदा आहे, शरीर कधीही नाकारू शकतं. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, धुरकट दिसायला लागलं, तर त्याच दिवशी या." तेव्हापासून तो रोज सकाळी तिला अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं करायचा, पापणी उचलून डोळा नीट बघायचा आणि मगच चहा मागायचा.

आता तोच गेला होता. सुतकात बाहेर पडायचं नाही, म्हणून ती आतल्या खोलीत बसून होती. भेटायला आलेल्या बायका तिचा ओला गाल बघून हळहळायच्या. उजेड नकोसा व्हायचा, तेही दुःखानंच असेल असं तिला वाटलं.

तेरावं झाल्यावर दीर तिला दवाखान्यात घेऊन गेला. तोवर त्या डोळ्यापुढे नुसता धूर होता.

"पडदा नाकारलाय," डॉक्टर म्हणाले. "लगेच आला असतात, तर औषधानं वाचवायची आशा होती."

"आम्हाला वाटलं, रडून झालाय," दीर पुटपुटला.

"रडून दोन्ही डोळे लाल होतात हो! एकच झालाय, हे घरात कुणीच बघितलं नाही?"

मंदाक्कानं पदर मागे सारला.

"बघायचे ते गेले, साहेब."