पेटीचं वजन

"हं," मेस्त्री म्हणाला आणि सहाही जणांनी एकदम जोर लावला.

तिथेच चुकलं. पेटी खांद्याला लागायच्या ऐवजी डोक्यापर्यंत उसळली, पुढून कलली, आणि आत काहीतरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घरंगळत गेलं. एकच वस्तू असावी. खट्‌कन कडेला आपटली आणि थांबली.

 चाळीस वर्षं मेस्त्री या चर्चसाठी शवपेट्या करत होता आणि उचलायलाही स्वतःच पुढे होत होता. कोण किती भरणार हे त्याच्या खांद्याला आधीच कळायचं. ही पेटी मात्र त्याच्या हातची नव्हती. काल सैन्याच्या गाडीतून आली होती, झाकण चारी बाजूंनी स्क्रू मारून बंद, वर निशाण, आणि सोबत सही-शिक्क्याचा कागद: पेटी उघडू नये. शिपायांनी ती चाकांच्या गाड्यावरून ढकलत आणून वेदीसमोर ठेवली, त्यामुळे मंडळीतल्या कुणाचा तिला हात लागला नव्हता. आत मेस्त्रीचा पुतण्या होता. निदान कागद तसं म्हणत होता.

पूर्वी खांदा द्यायला गायनमंडळातली पोरं असायची. आता ती सगळी लढाईवर, आणि महिन्यातली ही तिसरी पेटी. म्हणून सहा म्हातारे. त्यातला शिंपी तर सकाळपासून बजावत होता की आज आपली कंबर जाणार, मग कुणी बोल लावू नका. तरुण, धिप्पाड गडी आत आहे अशा हिशेबाने सगळ्यांनी दात-ओठ खाऊन उचललं होतं.

"जड आहे," मेस्त्री ओठ न हलवता म्हणाला. "ऐकलंत का? जड आहे. पाय ओढत चाला."

बेकरीवाल्याला आधी उमगलं. तो मोठ्याने कण्हला. मग बाकीचेही वाकले. नाताळच्या नाटकात मेंढपाळाचं कामसुद्धा ज्यांना कधी धड जमलं नाही, ते सहा जण पाऊल मोजत, धापा टाकत वेदीपासून दाराकडे निघाले. गीत चालू होतं म्हणून बरं.

हे सगळं चाललं होतं ते पेटीतल्या पोराच्या बापासाठी. तो मेस्त्रीचा थोरला भाऊ. बातमी आली त्या दिवशी त्याची एक बाजू लुळी पडली, आणि आता चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून तो बाहेर कबरीजवळ खुर्चीत बसला होता. काल संध्याकाळी त्याने वाकड्या तोंडाने एवढंच विचारलं होतं, "अख्खा आलाय ना रे?" मेस्त्री म्हणाला होता, "अख्खा आलाय, दादा." त्यावर दादा आठ दिवसांत पहिल्यांदा जेवला.

पाळकसाहेब पुढे चालत प्रार्थना म्हणत होते. शेवटच्या दिवशी प्रभू आपल्या या शिपायाला मातीतून उठवील, पुरता, जसाच्या तसा. मेस्त्रीने ही प्रार्थना शेकडो वेळा ऐकली होती आणि दर वेळी मनापासून आमेन म्हटलं होतं. आज त्याला ते म्हणवेना. प्रभू, तो मनात म्हणाला, बाकीचा कुठे पडलाय ते तुला तरी माहीत आहे ना?

दाराशी पोराची आई आडवी आली.

"मला खांदा द्यायचाय."

"वहिनी, नको," मेस्त्री घाईने म्हणाला. "फार जड आहे. तुम्हाला नाही झेपायचं."

"बाजूला व्हा हो," ती त्याच्या पुढच्या शिंप्याला म्हणाली.

शिंप्याने मान वळवून मेस्त्रीकडे पाहिलं. पाळकसाहेबांनीही पाहिलं. आईला नाही कसं म्हणायचं, हे चाळीस वर्षांत मेस्त्रीला कुणी शिकवलं नव्हतं. शिंपी निमूट बाहेर सरला. तिने पदर खोचला, दोन्ही पाय रोवले, आणि पेटीच्या कोपऱ्याखाली खांदा लावला.

ती दोन पावलं चालली आणि थांबली. मागचे सगळे थांबले. मेस्त्रीला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती, ताठ झालेली. आता ही किंचाळणार, त्याला वाटलं. आता ती पेटी खाली ठेवायला लावेल, स्क्रू काढायला लावेल, आणि काढणार कोण, तर आपणच.

ती किंचाळली नाही. मागे न बघता, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "भाऊजी, पाळण्यातून उचलायचे तेव्हा एवढाच असायचा."

मेस्त्रीला रडू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

पेटी पुढे निघाली. पायऱ्या उतरली, कबरींच्या ओळींमधून वळली. शेवटच्या ओळीत ओल्या मातीचा ढीग होता आणि त्याच्या बाजूला खुर्ची. दादाने चांगल्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता आणि मान उंच करून तो वाट बघत होता.

नवरा दिसताच तिची पाठ वाकली. गुडघे लटपटले, एक हात कमरेवर गेला, पाऊल फरफटू लागलं. बेकरीवाल्याचं कण्हणं त्यापुढे काहीच नव्हतं. खुर्चीपाशी येईपर्यंत तिच्या कपाळावर खराच घाम आला होता.

"झेपतंय का गं?" दादाने विचारलं.

"कसलं झेपतंय!" ती धापा टाकत म्हणाली. "अंगानं तुमच्यावर गेलाय ना."