फक्त फॉरवर्ड

“आम्हाला फॉरवर्डच सून पाहिजे होती,” सुहासिनीबाई पुन्हा म्हणाल्या आणि त्यांनी चिवड्याची प्लेट सदाशिवरावांपुढे सरकवली. “घ्या ना! सलील म्हणाला, आई, मुलगी एकदम फॉरवर्ड आहे. मी म्हटलं, मग आणखी काय पाहायचं?”

सदाशिवराव लेकीला घेऊन महागावहून यवतमाळला आले होते ते लग्नाची बोलणी पुरी करायला. साखरपुडा झालेला होता. आता हळद, पंगत आणि कार्यालय एवढंच ठरायचं होतं. विहीणबाईंचा शब्द त्यांच्या डोक्यावरून गेला. त्यांनी शेजारी बसलेल्या अनघाला हळूच विचारलं, “चांगलंच म्हनून राह्यल्या ना वं?”

अनघा ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. शब्द सापडला की त्याची कुळकथा सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

“चांगलंच, बाबा. आपला आगाऊ असतो ना, तसा आहे हा. आगाऊ पैसे दिले तर माणूस भला, आगाऊ बोलला तर वाईट. फॉरवर्ड म्हणजे आधी नुसतं पुढचा. मग पुढे होऊन काम करणारा. मग कोणी जरा जास्तच पुढे आलं, त्यातून ती बाई असली, की तोच शब्द लोक उद्धट या अर्थानं वापरायला लागले.”

“आमच्याकडे व्हीसीआर होता तेव्हा रडकं गाणं आलं की आम्ही फॉरवर्ड करायचो,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

“हां, आता आठोलं!” सदाशिवराव खुलले. “तहसिलातला बाबू मले म्हने, तुमचा अर्ज फॉरवर्ड केला. तो अजून पोचूनच राह्यला.”

सगळे हसले. सलीलही हसला, पण मोबाइलमधून मान वर न करता.

“बरं, आता एक नाजूक गोष्ट,” सुहासिनीबाईंनी आवाज खाली आणला. “हळदीच्या दिवशी तुमच्याजवळ एखादा जबाबदार माणूस ठेवा, सदाशिवराव. दिवसभर.”

“कायले?”

“म्हणजे... तसं काही झालं तर. चार लोकांत बरं दिसत नाही.”

“तसं म्हंजे कसं?”

“अहो, मी माझ्या मनचं नाही बोलत.” बाईंनी फोन उचलला, चष्मा वर केला आणि बोट दाबलं.

खोलीत अनघाचाच आवाज आला. रडवेला. “सलील, हे कोणाला सांगू नको. बाबांनी दारू सोडली म्हणतात, पण मला अजून खरं वाटत नाही रे. हळदीलाच घेतली तर? ते घरी आले की मी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जाते आणि त्यांच्या तोंडाचा वास घेते. रोज. लाज वाटते मला, पण घेते.”

बाईंनी मधेच बंद करावं की नाही! शेवटच्या हुंदक्यापर्यंत वाजू दिलं.

सदाशिवरावांच्या हातात चहाचा कप तसाच राहिला. “पानी देते ती,” ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. “मले वाटे, मायेनं देते.”

अनघाला बापाकडे पाहवेना. ती सलीलकडे वळली. “मी तुला सांगितलं होतं, कोणाला सांगू नको.”

“मी कुठं कोणाला सांगितलं?” सलील खरोखरच गोंधळला होता. “एक शब्द नाही बोललो. फक्त फॉरवर्ड केलं. तेही आईला. घरातच राहिलं ना?”

फक्त म्हणे! पोरीनं काळीज काढून हातावर ठेवलं, यानं ते अंगठ्यानं पुढे ढकललं, आणि वर तोंड करून फक्त म्हणतो.

“तुझ्याच भल्यासाठी केलं, अनघा,” सलील म्हणाला.

अनघानं बोटातली अंगठी ओढून काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. “ही पण कर फॉरवर्ड. पुढची कोणी येईल तिला.”

“बघा, केवढी आगाऊ!” सुहासिनीबाई म्हणाल्या. “चला, लग्नाआधीच कळलं ते बरं झालं.”

बाहेर टळटळीत ऊन होतं. बापलेक बसस्टँडच्या रस्त्याला लागले. सदाशिवराव पुढे, अनघा मागे. एरवी ते तिच्यासाठी थांबतात, आज थांबले नाहीत. रागानं आणि रडण्यानं अनघाची कॉलेजातली भाषा गळून पडली आणि ती घरच्यासारखी बोलायला लागली.

“धोका देला त्यानं मले, बाबा. त्याच्या भरवशावर सांगितलं होतं मी.”

सदाशिवराव थांबले. त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“तू मले म्हटलं होतं, ‘बाबा, दारू सोडनं तुमच्याच्यानं होते, मले पक्कं माहीत हाय,’” ते म्हणाले. “तेवढ्याच भरवशावर सोडली वं मी.”